चौदा गावं, दोन सरकारं आणि नसलेला सातबारा

परमडोली, महाराजगुडा, मुकादमगुडा, अंतापूर, लेंडीजाळा, शंकरलोधी, पद्मावती, भोलापठार, येसापूर... अशी मिळून चौदा गावं. माणिकगडच्या डोंगरावर वसलेली. महाराष्ट्र म्हणतो ती चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातली, तेलंगणा म्हणतो ती कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलातली. दोन्ही सरकारं तिथे हजर असतात. सरपंच दोन, मतदार याद्या दोन, रेशनकार्डं दोन, बऱ्याच ठिकाणी शाळाही दोन. महाराजगुड्यात तर हद्द एका घरातूनच गेल्याचं 2022 च्या डिसेंबरात वाहिन्यांनी दाखवलं होतं.

निवडणूक आली की कॅमेरे डोंगर चढतात, दोन ओळखपत्रं हातात धरलेल्या माणसांचे फोटो निघतात, आणि बाहेरच्यांचा समज होतो की या लोकांचं बरं चाललंय, दोन्हीकडून मिळतंय. या समजामुळे तिथला खरा प्रश्न मागे पडतो. तिथला हिशोब असा आहे: डोई मोजून जे वाटतात ते दोन्हीकडून येतं, आणि जमिनीचा कागद बघून जे देतात ते बहुतेकांना कुणाकडूनच मिळत नाही. शेतीवर जगणाऱ्या गावाला या दोनपैकी काय जास्त लागतं हे सांगायला नको. हे असं का झालं आणि ते सोडवायला काय लागेल, ते क्रमाने बघू.

हद्द धूसर कशी झाली

1956 पर्यंत राजुरा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा आदिलाबादमधले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे आलं. राजुरा आधी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि 1959 साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला. जिवती हा पुढे राजुऱ्यातूनच वेगळा काढलेला तालुका.

कायद्यात लिहिली जातात ती तालुक्यांची आणि मंडळांची नावं. कुठल्या नाल्यापर्यंत एक राज्य आणि कुठून दुसरं, हे गावनकाशे, मोजणी आणि हद्दीचे दगड यांवरून ठरतं. सपाटीवरच्या जुन्या गावाला शीव असते, गट नंबर असतात, गावनकाशा असतो, त्यामुळे तालुका सांगितला की गाव आपोआप ठरतं. इथे डोंगर आणि जंगल होतं. बरीच वस्ती नंतर आली. मराठवाड्यातून, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत, बंजारा, बौद्ध आणि मातंग कुटुंबं इथे येऊन राहिली. आधीपासून गोंड आणि कोलाम होतेच. जंगल साफ करून शेतं झाली, गुडे आणि तांडे झाले. कागदावर मात्र ती जागा वनजमीनच राहिली.

वस्ती दिसली तशी दोन्ही राज्यांची यंत्रणा आपापल्या बाजूने पोचत गेली. एकाने शाळा काढली, दुसऱ्याने मतदार यादी केली. एकाने हातपंप दिला, दुसऱ्याने रेशन दुकान. यातली प्रत्येक गोष्ट गरजेची होती आणि लोकांनी ती घेतली. प्रत्येक गोष्ट त्या त्या राज्याच्या हक्काचा पुरावाही बनत गेली. 1997 सालीच न्यायालयीन वाद आपल्या बाजूने मिटला, अशी महाराष्ट्राची भूमिका आहे. तरीही आधी आंध्र आणि 2014 नंतर तेलंगणा यांचा कारभार तिथे चालूच राहिला. ताबा सोडायचा तर रेशन, पेन्शन आणि मतदान केंद्र एका दिवशी बंद करावं लागतं, आणि ते करायला कुठलंच सरकार तयार नसतं.

डोईमागे मिळणारं

आधी रेशन. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो. तेलंगणा माणशी सहा किलो तांदूळ देतो. पाच माणसांच्या घरात ही दोन्ही खाती धरली तर महिन्याला 55 किलो धान्य होतं. बाहेरच्यांच्या डोळ्यात भरतो तो हा आकडा.

कार्डाच्या रंगाचा घोळ बघण्यासारखा आहे. महाराष्ट्रात पिवळं आणि केशरी कार्ड गरजूंचं, तर पांढरं कार्ड वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न असणाऱ्यांचं. तेलंगणात ‘पांढरं कार्ड’ म्हणजे गरिबाचं कार्ड. एकाच ट्रंकेत, एकाच कुटुंबाची ही दोन कार्डं असतात. एखाद्याने चंद्रपूरच्या दवाखान्यात योजनेसाठी चुकून तेलंगणाचं कार्ड पुढे केलं, तर परराज्याचं कार्ड म्हणून काम अडतं.

पेन्शनचंही तसंच. तेलंगणाची आसरा पेन्शन वृद्ध आणि विधवांना महिन्याला 2,016 रुपये आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत 1,500 रुपये मिळतात.

हे सगळं कागदी नोंदवह्यांच्या काळात निभावलं. आता निभावत नाही, कारण माणसाचा आधार नंबर एकच असतो. रेशनकार्डावरच्या प्रत्येकाचा आधार जोडला, ई-केवायसी झाली, की एकच नंबर दोन राज्यांच्या कार्डांवर आहे हे केंद्राच्या यादीत दिसतं. मग नोंद ‘दुबार’ ठरते आणि तपासणीसाठी राज्याकडे येते. इथे जे बिघडतं ते नीट समजून घ्यायला हवं. कुठलं कार्ड चालू ठेवायचं हे कुटुंबाला कुणी विचारतंच असं नाही. एका बाजूने नाव वगळलं जातं, दुसऱ्या बाजूनेही त्याच यादीवरून वगळलं जातं, आणि कुटुंब दोन्ही दुकानांत रिकाम्या पिशवीने उभं राहतं. कधी घरातल्या तिघांची नावं एका कार्डावर राहतात आणि दोघांची दुसऱ्यावर. म्हणून ज्या घरांनी आपली बाजू ठरवली आहे त्यांनी दुसऱ्या कार्डावरून नाव कमी करण्याचा अर्ज स्वतःच द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ती पोच पहिल्या दुकानाच्या तहसीलमध्ये जोडावी. यंत्रणेने वगळल्यावर नाव परत चढवायला महिने जातात.

दोनदा मतदान

2024 च्या लोकसभेला चंद्रपूर मतदारसंघात 19 एप्रिलला मतदान झालं आणि आदिलाबाद मतदारसंघात 13 मेला. या गावांतल्या मतदारांचं नाव दोन्हीकडे असतं. विधानसभेला एकीकडे राजुरा, दुसरीकडे आसिफाबाद.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950, कलम 17 नुसार एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांच्या यादीत असता कामा नये. 1951 च्या कायद्याचं कलम 62 सांगतं की एकाच सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्ही ठिकाणची मतं बाद. लोकसभेला हे कलम थेट लागू होतं. यादीत नाव घालताना खोटी माहिती दिली तर 1950 च्या कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढं असून इतकी वर्षं चाललं कसं? मतदार यादीचा पाया ‘सर्वसाधारण रहिवास’ हा आहे, आणि इथल्या माणसाचा रहिवास दोन्ही राज्यांच्या दृष्टीने खराच आहे. दोन्ही याद्यांत नाव घालायला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचे कर्मचारी, स्वतः घरी आले. मतदान केंद्रं दोन्ही राज्यांनी उभारली. अशा वेळी मतदाराला गुन्हेगार म्हणणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. पण कायदा त्याला पळवाट देत नाही, हेही खरं. एक यादी निवडायची असेल तर दुसरीकडे नमुना 7 भरून नाव वगळून घ्यायचं. त्याआधी ज्या यादीत राहायचं तिथलं नाव, वय आणि घर क्रमांक तपासून घ्यायचे आणि चूक असेल तर नमुना 8 भरायचा. हा क्रम उलटा केला तर मधल्या काळात नाव कुठेच राहत नाही.

जमीन: खरा गुंता इथे आहे

या गावांत कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी होते. सगळं पावसावर. कसणाऱ्या बहुतेकांकडे जमिनीचा पट्टा नाही, आणि गावाची सगळ्यात जुनी मागणी तीच आहे.

सातबारा नसला की काय होतं, ते कापसाच्या एका गाठोड्यावरून बघा. 2025-26 हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. हा भाव मिळतो सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर, आणि तिथे विकायला ॲपवर नोंदणी लागते, नोंदणीला जमिनीचा दाखला आणि पेऱ्याची नोंद लागते. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याची ई-पीक पाहणी होत नाही, पाहणी नाही तर नोंदणी नाही. त्याचा कापूस खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याकडे जातो, तो सांगेल त्या भावाला आणि तो धरेल त्या कट्टीला, म्हणजे वजनातल्या कपातीला. बियाणं आणि खत उधार दिलेला बहुतेकदा हाच व्यापारी असतो, कारण सातबाऱ्याशिवाय बँक पीककर्ज देत नाही.

अतिवृष्टीने पीक गेलं तर आपत्ती निधीच्या दराने कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये मिळतात. तेही पंचनाम्यात गट नंबर असेल तर. पीकविमा, पीएम किसानचे वर्षाला 6,000, राज्याच्या नमो योजनेचे आणखी 6,000, या सगळ्याला आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला असतो. तेलंगणाची बाजूही वेगळी नाही. रयतू भरोसात एकरी वर्षाला 12,000 रुपये आणि रयतू बीमाचं पाच लाखांचं आयुर्विमा कवच पट्टादार पासबुक (तिथला जमीन मालकीचा कागद) असलेल्याला मिळतं. म्हणजे दोन राज्यांच्या शेती योजनांचा हिशोब घातला तर मोठी रक्कम होते, आणि बिनपट्ट्याच्या घरात त्यातला रुपया येत नाही. महिन्याला मिळणारं जास्तीचं रेशन याची भरपाई करू शकत नाही.

मग पट्टा का मिळत नाही? यात सीमावाद हे अर्धंच कारण आहे.

जमीन वनखात्याची आहे. 1980 च्या वन संवर्धन कायद्यानंतर राज्य सरकार केंद्राच्या मंजुरीशिवाय वनजमीन दुसऱ्या वापराला देऊ शकत नाही. उरतो 2006 चा वनहक्क कायदा. त्यात दोन वर्ग आहेत. अनुसूचित जमातीचा माणूस 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असेल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मागू शकतो. जमातीबाहेरच्या माणसाला मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथला रहिवास दाखवावा लागतो. हिशोब केला तर 1930 पासून. मराठवाड्यातून नंतर आलेलं कुटुंब ही अट पुरी करूच शकत नाही. आजोबा इथे आले, बापाने आणि मुलाने जमीन कसली, तरी कायद्याला ते पुरत नाही.

तेलंगणाकडून मागायची तर दुसरी भिंत. केरामेरीचा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र, तिथल्या भाषेत ‘एजन्सी एरिया’. अशा भागात जमीन हस्तांतरणाचा ‘एक ऑफ सत्तर’ म्हणून ओळखला जाणारा नियम लागू आहे, 1970 च्या दुरुस्तीचा. त्यानुसार बिगर आदिवासीच्या नावे जमीन होऊ शकत नाही. आदिवासींच्या जमिनी लुबाडल्या गेल्या म्हणून हा नियम आला आणि तो असायलाच हवा. पण सीमेवरच्या भूमिहीन मातंग शेतकऱ्यालाही तो तितकाच अडवतो.

गोंड आणि कोलाम कुटुंबांचा दावा कायद्याने मजबूत आहे. तो फसतो तो कागदांत. दाव्याची वाट अशी: ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीकडे नमुना अ भरायचा, समिती जागेवर येऊन पाहणी करते आणि ग्रामसभा ठराव करते. मग दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. नाकारला तर 60 दिवसांत अपील. पुरावे एकापेक्षा जास्त लागतात. आता विचार करा, ग्रामसभा कुठली? महाराष्ट्राकडच्या पुडियाल मोद्याची की तेलंगणाकडच्या परमडोलीची? महाराष्ट्राकडे दावा टाकला आणि रहिवासाला जुनी तेलंगणाची मतदार यादी जोडली तर पडताळणी करणाऱ्याला शंका येते. एकाच शेताचे दोन राज्यांत दोन दावे पडले तर दोन्हीकडे ‘वादग्रस्त’ म्हणून बाजूला राहतात. एक शेत, एक दावा, एक ग्रामसभा हे पथ्य पाळलेलं बरं.

कुठले कागद कामाचे, तेही सांगतो. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्डाची जुनी पानं, मुलांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा. वनखात्याने कधी अतिक्रमणाचा गुन्हा नोंदवला असेल किंवा दंड केला असेल तर तो कागद फेकू नका. त्या वर्षी तुम्ही ती जमीन कसत होता, हे खुद्द वनखात्याने लिहून दिलेलं असतं. विहीर, बांध, जुनी झाडं, पूर्वजांची समाधी हे जागेवरचे पुरावे पंचनाम्यात घालून घ्यायचे. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब वेळेत घ्यावेत, माणसं कायम राहत नाहीत.

जात एकच, दाखला वेगळा

सगळ्यात अवघड निवड बंजारा कुटुंबांपुढे आहे. तेलंगणात लंबाडा म्हणून ते अनुसूचित जमातीत आहेत. महाराष्ट्रात ते विमुक्त जाती अ प्रवर्गात, तीन टक्के आरक्षणात. म्हणजे वर सांगितलेल्या वनहक्क कायद्यात हद्दीपलीकडच्या तांड्यावर लागणारी 2005 ची अट आणि हद्दीच्या अलीकडे लागणारी 75 वर्षांची अट, हा फरकही जातीच्या यादीमुळेच पडतो. गाव पूर्ण महाराष्ट्रात आलं तर तेलंगणातला जमातीचा दर्जा जातो. एका राज्याचा दर्जा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 पासून सांगितलेलं आहे. ‘आम्हाला महाराष्ट्रात घ्या’ या मागणीवर तांड्यावर दोन मतं दिसतात त्याचं कारण हेच आहे, आणि ते समजून न घेता त्यांना बोल लावणं बरोबर नाही.

महाराष्ट्रातला दाखला काढताना आणखी एक अडचण येते. विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासूनचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. तो पुरावा डोंगरावर मिळत नाही. तो मूळ गावच्या शाळेत, कोतवाल बुकात (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत), नांदेड-परभणीकडच्या एखाद्या तहसीलमध्ये असतो. मूळ गावाशी नातं तुटलं असेल तर भावकीतल्या कुणाचं जातवैधता प्रमाणपत्र आहे का ते आधी शोधा, रक्ताच्या नात्यातली वैधता मोठा पुरावा असते.

शाळेची निवडही अशीच पुढचं ठरवून टाकते. तेलंगणात मेडिकलला ‘स्थानिक’ ठरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथे शिकलेली लागतात. महाराष्ट्रात राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी राज्यातूनच झालेली लागते आणि अधिवासाचा दाखला लागतो. दहावी इकडे आणि इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, तिकडे झालेलं मूल नियमाप्रमाणे कुठलंच स्थानिक राहत नाही. त्यामुळे निर्णय नववीच्या प्रवेशाआधी व्हायला हवा. मराठी माध्यमातून तेलुगू माध्यमात मध्येच गेलेल्या मुलांची गळतीही याच टप्प्यावर होते.

सुटायचं कसं

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हद्द बदलायची असेल, म्हणजे एका राज्याचं गाव दुसऱ्याला द्यायचं असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद 3 खाली संसदेला कायदा करावा लागतो. राष्ट्रपती विधेयक संबंधित विधानसभांकडे मतासाठी पाठवतात, ते मत बंधनकारक नसतं. पण हद्द 1956 मध्येच ठरलेली आहे आणि ती फक्त जमिनीवर दाखवायची आहे, असं असेल तर संयुक्त मोजणी आणि हद्दीचे खांब पुरतात. आंध्र-कर्नाटक सीमेवर बेल्लारीच्या खाण वादात सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीत सर्व्हे ऑफ इंडियाने तसंच केलं. दोन्ही राज्यं बसायला तयार नसतील तर अनुच्छेद 131 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा. त्याचा वेग काय असतो ते बेळगावच्या 2004 पासूनच्या दाव्यावरून कळतं, आणि ओडिशा-आंध्रच्या कोटिया गावांवरून तर जास्तच. तिथली 21 गावं 1968 पासून न्यायालयाच्या ‘जैसे थे’वर आहेत.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राच्या महसूल मंत्र्यांनी ही चौदा गावं राज्यात पूर्णपणे समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर केलं. मोजणी झाली, तेलंगणाने कारभार काढून घेतला, तर रेशन आणि मतदार यादीचा प्रश्न काही महिन्यांत मार्गी लागू शकतो. सातबारा त्याने आपोआप येणार नाही. त्यासाठी वस्त्यांना महसुली गावांचा दर्जा, कसत्या शेतांची मोजणी आणि 75 वर्षांच्या अटीत न बसणाऱ्यांसाठी केंद्राकडून वनजमिनीची मंजुरी, ही तीन कामं समावेशाच्या आदेशाबरोबरच हाती घ्यावी लागतील. तेलंगणाची पेन्शन आणि तांदूळ आज बंद झाला आणि पट्टा दहा वर्षांनी आला, तर मधल्या वर्षांत या घरांची अवस्था आत्ताच्यापेक्षा वाईट होईल. त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावात ‘समावेश’ आणि ‘पट्टा’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत असले पाहिजेत, आणि ठरावाला प्रत्येक शेताचा जीपीएस नकाशा जोडलेला असला पाहिजे.